अंथरुणावरच्या माणसाची घरची सेवा: उमेद आणि माया आटू नये म्हणून कामाचा क्रम

लकवा झालेल्या माणसाला दवाखान्यातून घरी आणलं की पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. महिन्याभरात पाहुणे पांगतात, भावंडं आपापल्या गावी परततात आणि तिसऱ्या महिन्यात सगळा भार एकाच माणसावर येऊन पडतो. बहुतेक घरांत ती बायको, सून नाहीतर लेक असते. तोवर तिची कंबर धरलेली असते, सलग चार तास झोप कधी लागली ते आठवत नसतं, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याच माणसावर ती खेकसायला लागलेली असते. मग घरातलेच म्हणतात, "हिचं मन उडालं." बारकाईनं पाहिलं तर कारणं फार साधी निघतात: पलंगाची उंची, रात्रीची न ठरलेली पाळी, डॉक्टरांना न विचारलेला एखादा प्रश्न.

हा लेख लकव्याचा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. खुब्याचं हाड मोडून पडून असलेल्या किंवा कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसालाही यातलं बरंचसं लागू पडतं. लोक सुरुवात करतात गादी, मालिशचं तेल आणि व्हीलचेअरपासून. खरा क्रम असा: आधी माहिती, मग माणसं, मग खोली, मग रोजचं काम. उमेद टिकवण्याची वही त्यानंतर.

## टप्पा १: दवाखान्यातून निघण्याआधीचे तीन-चार दिवस

डिस्चार्जची तारीख कळली की धावपळ सुरू होते ती बिलाची. ते काम एकावर सोपवा आणि घरातल्या दुसऱ्या दोघांनी वॉर्डात थांबून सिस्टरांकडून चार कामं शिकून घ्या: कूस बदलणं, डायपर बदलणं, भरवणं (नाकातून नळी असेल तर नळीनं) आणि पलंगावरून खुर्चीत बसवणं. नुसतं पाहून येत नाही. प्रत्येक काम सिस्टरांसमोर स्वतःच्या हातानं निदान दोनदा करा. दोघांनी शिकायचं ते अशासाठी की एकट्यानं शिकलं तर ते काम कायमचं त्याच्याच गळ्यात पडतं.

डॉक्टरांना सहसा कॉरिडॉरमध्ये गाठून एकच प्रश्न विचारला जातो: "बरे होतील ना?" या प्रश्नाला "बघू, प्रयत्न करू" याखेरीज उत्तर मिळत नाही आणि घरचे त्यातून हवा तो अर्थ काढतात. त्याऐवजी दहा मिनिटं वेळ मागून घ्या, वही घेऊन बसा आणि हे विचारा:

- पुढच्या तीन महिन्यांत चांगल्यात चांगलं काय होऊ शकेल आणि वाईटात वाईट काय?
- गिळणं सुरक्षित आहे का? पातळ द्यायचं की घट्ट?
- कोणती गोळी कुटून द्यायची नाही? (काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं.)
- दिवसभरात पाणी किती? हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मर्यादा कोणती?
- काय दिसलं तर फोन करायचा आणि काय दिसलं तर थेट आणायचं?

पहिला प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा. लकव्यानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानं होते, पुढे वेग मंदावतो. हे आधी माहीत असलं म्हणजे चौथ्या महिन्यात "आता काहीच होत नाही" म्हणून घर खचत नाही. हळूहळू का होईना, सराव चालू ठेवला तर त्यानंतरही रोजच्या कामांत फरक पडत राहतो.

तपासा: घरी निघताना हातात डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या वेळांचा कागद, पुढच्या तपासणीची तारीख आणि रात्री लागणारा एक फोन नंबर आहे का? नसेल तर गाडीत बसू नका.

## टप्पा २: माणसांची वाटणी

ही बैठक रुग्ण घरी यायच्या आधी व्हायला हवी. आल्यावर होत नाही. जी जवळ असते ती करायला लागते आणि बाकीच्यांना ते चालून जातं.

बैठकीत भावनांनी सुरुवात केली तर तासाभरात जुनी उणीदुणी निघतात. कागदावर आकडे मांडा. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे चोवीस तासांत १२ वेळा. भरवणं ५ ते ६ वेळा. डायपर ४ ते ६ वेळा. औषधं ३-४ वेळा. व्यायाम २ वेळा. त्याशिवाय तोंड धुणं, अंग पुसणं, कपडे, चादरी आणि घरचा स्वयंपाक. बेरीज पाहिली की "एकटी करेल ती" हे वाक्य आपोआप बंद होतं.

रात्र आधी वाटा. रात्री १० ते २ एक आणि २ ते ६ दुसरा. ज्याची पाळी नाही त्यानं दुसऱ्या खोलीत, दार लोटून झोपायचं. रुग्णाशेजारी झोपलेल्या माणसाचे कान उघडेच असतात, ती झोप झोपेत धरू नका. सेवा करणाऱ्याला रोज निदान पाच तास सलग झोप मिळालीच पाहिजे. घरात दोनच माणसं असतील तर एक दिवसाआड अख्खी रात्र वाटून घ्या. रात्री बाराच्या पुढे कूस बदलण्यातलं अंतर वाढवता येईल का, हे रुग्णाची त्वचा आणि गादी पाहून डॉक्टरांना किंवा सिस्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं वाढवू नका.

आठवड्याची सुट्टी. मुख्य सेवा करणाऱ्याला आठवड्यातून सलग अर्धा दिवस घराबाहेर. वार ठरलेला हवा. "जमेल तेव्हा जा" म्हटलेली सुट्टी कधीच मिळत नाही. किराणा आणायला जाणं ही सुट्टी नव्हे.

लांबच्या भावंडांना काय द्यायचं? पैसे तर आहेतच. त्याखेरीज औषधं मागवणं, तपासण्यांची वेळ घेणं, डॉक्टरांशी बोलून ते सगळ्यांना कळवणं ही कामं पुण्याहूनही होतात आणि दुबईहूनही. मात्र दर तीन महिन्यांनी एकदा आठ-दहा दिवस प्रत्यक्ष येऊन पूर्ण पाळी घ्यायची, आणि त्या दिवसांत मुख्य माणसानं दुसऱ्या गावी जायचं. पाहुणा म्हणून येऊन उशाशी बसून गेलं तर घरच्या बाईला एक ताट जास्त वाढावं लागतं, एवढंच.

एक नियम कागदावर लिहाच: रोजच्या कामात शेवटचा शब्द हाताने काम करणाऱ्याचा. दुपारी द्यायची ती पेज की सूप, खिडकी उघडी की बंद, हे फोनवरून ठरवायचं नाही. सेवा करणाऱ्याचं मन कामापेक्षा या फोनांनी जास्त कडू होतं.

चूक: चोवीस तासांची मावशी किंवा ब्रदर ठेवला की सगळे निर्धास्त होतात. तोही माणूसच आहे. त्याला सहा-सात तास झोप न मिळाल्यास पहाटेची कूस बदलली जात नाही आणि ते कळतं पाठीला जखम दिसल्यावर. परवडत असेल तर बारा-बारा तासांची दोन माणसं, नसेल तर रात्रीची एक पाळी घरच्यांनी घ्यायची.

## टप्पा ३: खोली

पलंग सेवा करणाऱ्याच्या कमरेइतका उंच हवा. घरचा साधा पलंग असेल तर चारही पायांखाली लाकडी ठोकळे किंवा विटा बसवा आणि हलवून पाहा, डुगडुगता कामा नये. रुग्णाला बसतं-उतरतं करायची वेळ आली की उंची पुन्हा कमी करावी लागेल. दवाखान्यासारखी फाउलर कॉट (डोक्याची बाजू वर-खाली करता येणारा पलंग), कमोड खुर्ची, व्हीलचेअर विकत घेऊ नका. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत आणि कितीतरी तालुक्यांच्या गावी सामाजिक संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. अनामत ठेवून नाममात्र भाड्यानं हे सगळं मिळतं. तीन महिन्यांनी गरजा बदलतात.

लागणारं सामान: उशा सहा, मेणकापड, आडवी घालायला जाडसर सुती चादर (जुनी नऊवारी दुहेरी करून उत्तम), चोखायचा नसलेला उघडा पेला, छोटा चमचा, थर्मामीटर, भिंतीवर घड्याळ आणि मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर. वाचा गेली असेल तर चांगल्या हाताला पोचेल अशी घंटी. देवघरातली चालते. हाक मारायचं साधन नसलेला माणूस रात्रभर भीतीनं जागा राहतो आणि दिवसा चिडतो.

हवेची गादी घेतलीत तर तिच्यावर एकच चादर. वर गोधडी, मेणकापड आणि आणखी एक चादर असे थर चढवले की गादीचा उपयोग संपतो.

तपासा: रुग्ण झोपलेला असताना हवेच्या गादीखाली, कमरेच्या जागी तळहात सरकवा. हाताला वरचं हाड टेकल्यासारखं लागलं, मध्ये इंचभरही हवा नसली, तर गादी दबून गेली आहे. पंप वाढवा किंवा गादी बदला. आणि गादी कितीही महाग असो, कूस बदलणं चुकत नाही.

## टप्पा ४: रोजचं काम

### कूस बदलणं

१. आधी सांगा. "बाबा, आता डाव्या कुशीवर वळवते हं." माणूस बोलत नसला, डोळे मिटलेले असले तरी सांगा. न सांगता वळवलं की अंग ताठ होतं आणि तुमची ताकद दुप्पट लागते.

२. दोघांनी आडवी चादर दोन्हीकडून गुंडाळून घट्ट धरा आणि उचलून बाजूला घ्या. ओढू नका. ओढल्यानं कातडी गादीला घासून आतून फाटते.

३. पूर्ण कुशीवर झोपवायचं नाही. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कललेलं ठेवा, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर येत नाही.

४. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये. एक पोटऱ्यांखाली, टाचा हवेत तरंगतील अशी. एक लुळ्या हाताखाली.

५. वळवतानाच कातडी पाहा: माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू.

तपासा: लाल दिसलेल्या जागेवर बोट दाबून उचला. पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही लाली हटली नाही तर ती जखमेची सुरुवात; त्या जागेवर भार बंद आणि डॉक्टरांना फोन. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जांभळट लागतं का ते हातानं बघा.

लाल जागेवर मालिश करायची नाही. आतली नाजूक झालेली कातडी आणखी दुखावते. मधे भोक असलेली रबरी रिंग कमरेखाली द्यायची नाही. कडेनं रक्त अडतं आणि मधली जागा आणखी उपाशी राहते. औषधाच्या दुकानात ती अजून मिळते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. घामावर पावडरचे थर देणंही बंद. तिच्या गुठळ्या कातडीला टोचतात.

### भरवणं

घाई इथेच होते आणि सगळ्यात महाग पडते. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो.

रुग्ण पूर्ण जागा हवा, पाठ शक्य तितकी ताठ, हनुवटी किंचित खाली. छोटा चमचा, अर्धा भरलेला. घास गिळल्यावर तोंडात काही उरलं नाही ना ते पाहून पुढचा. पाण्यासारखं पातळ हे गिळायला सोपं वाटतं, पण लकव्यात तेच जास्त वेळा चुकीच्या वाटेनं जातं; म्हणून पेज, घट्ट डाळ, मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं असं एकजीव काहीतरी. ठसका लागला तर थांबा. अशा वेळी वरून पाणी पाजायची सवय जवळजवळ प्रत्येक घरात आहे आणि ती धोक्याची आहे. जेवणानंतर आवाज ओला, खरखरता झाला तरी थांबा. भरवून झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

नळी असेल तर डोकं ३० ते ४५ अंश वर, नळीवरची खूण नाकाशी जिथे होती तिथेच आहे ना ते आधी पाहायचं, आधी आणि नंतर २०-३० मिली पाणी, आणि अन्न सिरिंजमधून आपल्या वजनानं उतरू द्यायचं, दट्ट्यानं ढकलायचं नाही. एका वेळचं प्रमाण बहुधा २०० ते २५० मिलीच्या आसपास असतं. तुमच्या रुग्णाचं डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तेच. नळी सरकल्यासारखी वाटली तर काहीही घालू नका.

### पाणी, लघवी, शौच

डायपर कमी भरावा म्हणून संध्याकाळनंतर पाणी द्यायचं नाही, हे दमलेल्या घरात नकळत सुरू होतं. कुणी बोलून ठरवत नाही. आठवड्याभरात लघवी गडद होते, मळ घट्ट होतो, लघवीत जंतुसंसर्ग होतो आणि त्यातून माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागतो. घरच्यांना वाटतं मेंदू बिघडला. म्हणून दिवसभराच्या पाण्याचे पेले कागदावर टिंबं मारून मोजा आणि त्यातला मोठा वाटा दुपारी चारच्या आत संपवा.

तीन दिवस शौचाला झाली नाही तर डॉक्टरांना विचारा. आधी बद्धकोष्ठ आणि मग अचानक पातळ पाझर सुरू झाला तर ते जुलाब समजून बंद करायची गोळी देऊ नका. घट्ट मळाच्या कडेनं पातळ मळ झिरपत असू शकतो.

लघवीची नळी असेल तर पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. वळवताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवायची खोड अनेकांना असते. लघवी उलटी वर जाते.

### व्यायाम

फिजिओथेरपिस्टनं दाखवलेलेच. लुळ्या बाजूचा प्रत्येक सांधा हळूहळू, ८-१० वेळा, दिवसातून दोनदा. लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून उचलू नका, खांदा निखळतो. आणि तो एकदा दुखायला लागला की माणूस पुढचा सगळा व्यायाम नाकारतो.

## टप्पा ५: बोलणं

सेवा मनापासून चालते, पण बोलणं रुग्णाच्या डोक्यावरून चालतं. "आज यांनी खाल्लंच नाही." "यांचं अंग फार जड आहे हो." समोरच्याला बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं धरून. लकव्यात वाचा जाणं आणि समज जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काय करायचं: टीव्ही बंद करा, चेहरा समोर आणा, एका वेळी एक छोटा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर हो-नाही असेल. "आई, तहान लागली?" मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. उत्तर यायला तेवढा वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला पुढचा प्रश्न विचारतो. नाव बदलू नका; काल जे नाना होते त्यांना आज "बाळा" म्हणू नका. डायपर बदलताना दार बंद, अंगावर चादर आणि नातवंडं बाहेर.

लकव्यानंतर काहींना कारण नसताना एकदम रडू किंवा हसू येतं. तो मेंदूच्या इजेचा परिणाम असतो. समोरची व्यक्ती "मी काय चुकले?" म्हणून आठवडाभर झुरते. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत. आणि साधारण तिघांतल्या एकाला लकव्यानंतर नैराश्य येतं. खाणं सोडणं, भिंतीकडे तोंड करून पडणं, व्यायामाला नकार, याला हट्ट समजून रागवण्याआधी तेही दाखवून घ्या.

## टप्पा ६: उमेदीची वही

इथवरची कामं मार्गी लागली म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यात ही वही सुरू करा. त्याआधी केली तर ती दुसऱ्याच दिवशी कपाटात जाते.

फिजिओथेरपिस्टला विचारा, "पुढच्या दोन आठवड्यांत काय जमायला हवं?" उत्तर मोजता येईल असं घ्या. "चालायला लागतील" हे वहीत लिहायचं नाही. "पलंगाच्या कडेला, मागे हात न देता, दोन मिनिटं बसणं." "चांगल्या हातानं स्वतः तीन घास घेणं." "घंटी वाजवून हाक मारणं." एका वेळी फार तर दोन. रुग्णाला समजत असेल तर त्यातलं एक त्याला निवडू द्या. एखाद्या आजोबांना चालण्यापेक्षा स्वतःच्या हातानं दाढी करायची असते.

नोंद रोज करा, निकाल रविवारी पाहा. रोज ताडून पाहिलं तर दोन दिवस मागे, एक दिवस पुढे असंच दिसतं आणि घराचा जीव वर-खाली होत राहतो. ठरवलेलं दोन आठवड्यांत झालं नाही तर त्याचे दोन तुकडे करा. दोन मिनिटं बसणं जमलं नाही? मग तीस सेकंद.

ताप, लघवीचा संसर्ग किंवा एक वाईट रात्र यामुळे मिळवलेलं आठवडाभर हरवतं. कारण दूर झाल्यावर बहुतेक वेळा परत येतं. वहीत त्या आठवड्यापुढे "ताप" एवढंच लिहा.

सावध: एकाएकी चेहरा वाकडा, नव्यानं हात-पाय गळणं, बोलणं बोबडं होणं किंवा गुंगी यातलं काही दिसलं तर ती वहीची बाब नाही. वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. लकव्याची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं ते साडेचार तासांच्या आत, आणि रुग्ण शेवटचा कधी ठीक दिसला हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.

### आजार उतरणीला लागला असेल तर

वही बंद करायची नाही, तिच्यातली कलमं बदलायची. दुखणं दहापैकी तीनच्या आत आहे का. रात्री झोप लागली का. कुणाला भेटायचं होतं, ती भेट झाली का. गिळणं सुरक्षित असेल तर चमचाभर आमरस.

कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या जातात. "मॉर्फिन म्हणजे संपलंच" असं समजून कितीतरी घरं ती नाकारतात आणि माणूस कण्हत राहतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, ठरल्या वेळी घेतलेलं मॉर्फिन वेदना थांबवतं. वेदना आल्यावर द्यायचं म्हणून वाट पाहू नका. सोबत शौच साफ होण्याचं औषध मागून घ्याच, मॉर्फिननं मळ घट्ट होतो. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं आहे, पण प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह (बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणारा) विभाग आहे का ते विचारा. मुंबईत टाटा मेमोरियलचा असा विभाग आहे, वांद्र्यात शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना सांभाळणारं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे आणि त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला कॅन्सर रुग्णांसाठी सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालतं. शेवटच्या दोन दिवसांत धावत जाण्यापेक्षा आधीच नाव नोंदवून ठेवा. घरी सेवा कशी करायची हे तिथे शिकवतात.

## टप्पा ७: माया आटल्यासारखी वाटते तेव्हा

ती वेळ येते. चांगल्या घरात, चांगल्या माणसांवर येते. "आता सुटले तर बरं" हा विचार सेवा करणाऱ्या पुष्कळांच्या मनात येऊन जातो आणि त्यानंतर स्वतःचीच इतकी किळस वाटते की ती बाई कुणाशी बोलायचंच बंद करते. या विचाराला पाप समजू नका. त्या आठवड्यातली झोप मोजा.

क्रम असा ठेवा:

१. आवाज चढला, हात जोरात पडतोय असं वाटलं की थांबा. डायपर अर्धवट असला तरी चालेल.

२. रुग्णाला सुरक्षित करा: कलतं ठेवा, कठडा वर, तोंडात घास नाही ना ते बघा.

३. "दहा मिनिटांत येते" म्हणून सांगा आणि खोलीबाहेर जा. पाणी प्या, तोंडावर मारा, अंगणात किंवा गॅलरीत उभ्या राहा. फोनवर भांडणं काढू नका.

४. परत आल्यावर आधी एक शब्द बोला, मग काम. "मघाशी ओरडले, चुकलं माझं." लांबलचक माफी नको.

५. त्याच दिवशी पाळीच्या कागदात बदल मागा. उद्याची रात्र दुसऱ्याची.

आठवड्यातून तीनदा असं झालं, जेवण तुटलं, सारखं रडू येतंय किंवा कशानंच काही वाटेनासं झालं, तर डॉक्टरांकडे स्वतःसाठी जा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सावध: रुग्णावर हात उगारला गेला, मुद्दाम अन्न-पाणी टाळलं गेलं किंवा स्वतःचा जीव नकोसा वाटायला लागला, तर रविवारची वाट पाहायची नाही. त्याच तासाला दुसऱ्या कुणाला तरी पाळी द्या आणि फोन करा.

## टप्पा ८: भेटायला येणारे

"काही लागलं तर सांगा" या वाक्याचा उपयोग शून्य, कारण सांगण्याचा संकोच सेवा करणाऱ्यावरच येतो. फ्रिजवर कामांची यादी लावा आणि म्हणणाऱ्याला तिच्यातलं एक निवडायला लावा: बुधवारी दुपारी दोन तास बसणं, दोन भाज्या चिरून आणणं, मुलांना क्लासला सोडणं, चादरी धुऊन देणं.

भेटीची वेळ एकच ठेवा, संध्याकाळी पाच ते सहा. वीस मिनिटांत उठायचं. चहा नाही, पाणी मिळेल. हे दारातच हसून सांगा. गाव चार दिवस बोलेल.

येणारा प्रत्येक जण एक उपाय घेऊन येतो. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतो, कुणी ओळखीच्या गावातला वैदू सुचवतो. वाद घालायचा नाही. "फिजिओथेरपिस्टना विचारून सांगते" म्हणून वहीत लिहून घ्या. पोटात घ्यायचं काहीही मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. आणि "आमच्या शेजारचे तर दोन महिन्यांत चालायला लागले" हे रुग्णासमोर बोलणाऱ्याला दिवाणखान्यातच बसवा.

## टप्पा ९: कागद

पहिल्या महिन्यात उरकायचं. सही जमत नसेल तर बँकेत अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. बँकेचा माणूस घरी येऊ शकतो, शाखेत अर्ज करा. रुग्णाला समजत नसेल तर मात्र अंगठा घेऊ नका आणि कुलमुखत्यारपत्रही त्या अवस्थेत करता येत नाही; वकिलाला विचारा. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. अपंगत्व कायम राहणार असं दिसल्यावर यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा.

## तीन महिन्यांनी

पहिल्या बैठकीला जे होते त्या सगळ्यांना पुन्हा बसवा, लांबच्यांना व्हिडिओ कॉलवर. जुना पाळीचा कागद समोर ठेवा आणि प्रत्यक्षात कोण किती रात्री जागलं ते त्याच्या शेजारी लिहा. पलंगाची उंची, गादी, नळी, उशा यांतलं काय आता नको झालं ते ठरवा. साहित्य केंद्राचं भाडं उगाच चालू राहतं. मग मुख्य सेवा करणाऱ्यानं कुठे जायचं आणि कोणत्या तारखेला, ते ठरवून तिकीट तिथल्या तिथे काढा.